ऑनलाइन लिलाव नेमका कधी संपवावा? खान्देशातल्या विक्रेत्यांसाठी दिवस, तास आणि मिनिट ठरवण्याची पद्धत

लिलावात वस्तूची किंमत सगळ्यात जास्त पैसे द्यायला तयार असलेला माणूस ठरवत नाही. ती त्याच्या खालोखालचा दुसरा माणूस ठरवतो. म्हणून लिलाव संपवण्याची वेळ निवडताना एकच गोष्ट शोधायची असते: हा दुसरा माणूस शेवटच्या पाच-दहा मिनिटांत जागा, मोकळा आणि मोबाइल हातात घेऊन बसलेला कधी असेल?

समजा, एचएमटी पायलट घड्याळ ५०० रुपयांपासून लावलं आहे आणि बोलीची पायरी ५० रुपयांची आहे. एक गिऱ्हाईक २,४०० पर्यंत जायला तयार आहे, दुसरा १,९०० पर्यंत. दोघंही हजर असले तर घड्याळ १,९५० च्या आसपास सुटतं. दुसरा त्या वेळी लग्नाच्या पंगतीत बसला असेल तर तेच घड्याळ ५०० ला जातं. वस्तू तीच, फोटो तेच, आणि नुकसान १,४५० रुपयांचं.

यावर नेहमीची शंका अशी की बहुतेक साइटवर ऑटो बिड लावता येते, म्हणजे आपला कमाल आकडा आधी देऊन ठेवला की साइटच बोली वाढवत जाते, मग माणूस हजर नसला तरी त्याची बोली लागणारच ना? लागते, पण तो ती लावूनच ठेवत नाही. अनुभवी गिऱ्हाईक आपला आकडा आधी उघड करत नाही. तो वस्तू वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या यादीत टाकतो आणि शेवटच्या मिनिटाला उतरतो. यालाच स्नायपिंग म्हणतात. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि त्या काळच्या अ‍ॅमेझॉन लिलावांची तुलना केली होती. ठरलेल्या क्षणी बंद होणाऱ्या ईबेवर शेवटच्या मिनिटांत बोली टाकण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. अ‍ॅमेझॉनवर शेवटची बोली लागल्यानंतर दहा मिनिटं शांतता असल्याशिवाय लिलाव बंद होत नसे, त्यामुळे तिथे थांबून राहण्यात फायदा नव्हता. म्हणजे आपण कुठे विकतो आहोत आणि तिथे दार कसं बंद होतं, हे वेळ ठरवण्याआधीच माहीत हवं.

आधी बंद होण्याचा नियम वाचा

दार बंद होण्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, ठरलेल्या सेकंदाला बंद. ईबेचा लिलाव असाच संपतो. ९:१७:०० म्हणजे ९:१७:००. इथे संपण्याच्या वेळेचं महत्त्व सगळ्यात जास्त, कारण उशिरा आलेल्याला दुसरी संधी नाही.

दुसरा, आपोआप वाढणारा. शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकते. बँकांच्या मालमत्ता लिलावाच्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात, त्यात ‘प्रत्येकी ५ मिनिटांची अमर्यादित वाढ’ असं वाक्य बऱ्याचदा दिसतं, तो हाच प्रकार. इथे चुकीच्या मिनिटाने फारसं बिघडत नाही, पण चुकीच्या तासाने बिघडतं. गिऱ्हाईक झोपलेलाच असेल तर वाढलेल्या पाच मिनिटांचा उपयोग काय? दुसरी अडचण म्हणजे चुरस लागली तर लिलाव अर्धा-पाऊण तास लांबू शकतो. असा लिलाव रात्री साडेदहाला संपायला ठेवला की तो सव्वाअकरापर्यंत ओढला जातो, आणि माणसं किमतीमुळे नाही तर झोपेमुळे गळतात. म्हणून वाढणारा लिलाव ठरलेल्या वेळेच्या लिलावापेक्षा अर्धा तास आधी ठेवा.

तिसरा, व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुक ग्रुपवरचा लिलाव. नाणी, टपाल तिकिटं, घड्याळं, जुनी पेनं यांचे असंख्य लिलाव आपल्याकडे असेच चालतात. इथे दार माणूस बंद करतो, म्हणून भांडणंही इथेच होतात. त्याचे नियम पुढे स्वतंत्र दिले आहेत.

गिऱ्हाईक कुठे बसला आहे?

वेळ विक्रेत्याच्या सोयीने ठरत नाही. वस्तू हातात घ्या आणि ती कोण घेईल ते आधी ठरवा.

कुरिअरने जाणारी संग्राह्य वस्तू असेल, म्हणजे नाणी, तिकिटं, घड्याळं, कॅमेरे, तर गिऱ्हाईक मुंबई, पुणे, सुरत, इंदूर, कोलकाता, चेन्नई कुठेही असू शकतो. सगळ्यांचं घड्याळ एकच. पण मुंबई-पुण्यातला नोकरदार घरी पोहोचून जेवून मोकळा होतो तोवर साडेआठ-नऊ वाजतात, आणि गिऱ्हाइकांतला मोठा हिस्सा हाच आहे. तेव्हा चोपडा-यावलकडे लवकर निजानीज होते म्हणून लिलाव सातला संपवू नका.

आखाती देशांतले गिऱ्हाईक याच वेळेत सहज बसतात. आपले रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुबईत आठ आणि सौदीत सात.

जागेवरून उचलून न्यायची वस्तू असेल, जसं जनरेटर, शिलाई मशीन, सागवानी कपाट, पाण्याची मोटर, तर गिऱ्हाईक टेम्पोच्या पल्ल्यातलाच असतो: जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार, फार तर मालेगाव, बऱ्हाणपूर, सुरत. अशी वस्तू बघितल्याशिवाय कोणी खरी बोली लावत नाही. म्हणून शनिवार-रविवार ‘वस्तू बघायला या’ असं लिहा आणि लिलाव सोमवारी किंवा मंगळवारी रात्री साडेआठच्या सुमारास संपवा. रविवारी बघून गेलेला माणूस घरात विचारतो, टेम्पोवाल्याला भाडं विचारतो, मगच आकडा ठरवतो. त्याला तेवढी एक रात्र द्या. गावचा आठवडे बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस मात्र टाळा. शेतकरी आणि दुकानदार दोघंही त्या दिवशी दमलेले असतात, आणि दुकानदाराची रोकड बाजारातच गुंतलेली असते.

दिवस निवडताना

संग्राह्य वस्तूंसाठी रविवारची रात्र हे सुरुवातीचं उत्तर म्हणून बरोबर आहे. सुट्टी असते, लोक घरी परतलेले असतात, आणि विकलेला माल सोमवारी सकाळी रवाना करता येतो. त्यानंतर सोमवार ते गुरुवार रात्री साधारण सारख्याच. शुक्रवार आणि शनिवारची रात्र सगळ्यात कमजोर, कारण माणसं बाहेर असतात, प्रवासात असतात.

पण रविवार डोळे मिटून घेऊ नका. उरी सायमनसोन यांनी ईबेवरच्या लिलावांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाइकांच्या गर्दीच्या वेळी विक्रेते इतक्या मोठ्या संख्येने लिलाव संपवतात की त्याच वेळी वस्तू विकली जाण्याची शक्यता आणि किंमत दोन्ही उतरतात, असं त्यांना आढळलं. गिऱ्हाईक वाढतात, पण माल त्याहून जास्त वाढतो. हे आपल्या ग्रुपमध्येही तपासता येतं. दोन रविवार आणि दोन बुधवार रात्री आठ ते दहा या वेळेत तुमच्यासारख्या वस्तूंचे किती लिलाव संपतात ते मोजा आणि प्रत्येक लिलावात किती वेगवेगळ्या माणसांनी बोली लावली ते लिहा. एका लिलावामागे रविवारी सरासरी तीन माणसं आणि बुधवारी चार असतील तर बुधवार घ्या. एकूण किती माणसं ऑनलाइन होती हा आकडा इथे कामाचा नाही. दर लिलावामागे किती आली, तो कामाचा.

सामान्य वस्तूसाठी हा हिशेब फार महत्त्वाचा. दुर्मीळ वस्तूला गर्दीचं भय कमी, कारण तिच्यासाठी थांबलेला गिऱ्हाईक बाकीचे दहा लॉट सोडून देतो. म्हणून दुर्मीळ वस्तू रविवारी, रोजची वस्तू मधल्या वारी, ही विभागणी आम्हाला सगळ्यात भरवशाची वाटते.

खान्देशातला गिऱ्हाईक किंवा ग्रुप असेल तर कॅलेंडरवर काही दिवस आधीच खोडून ठेवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघर कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन असतं. रोटांचा स्वयंपाक, भाऊबंद एकत्र, रात्रभर गाणी. त्या रविवारी लिलाव संपवला तर आपली स्थानिक माणसं मोबाइलकडे बघणारही नाहीत. आखाजीचे दोन दिवस, म्हणजे अक्षय्य तृतीया आणि तिच्या आसपास, लेकी माहेरी आलेल्या असतात, घरं भरलेली असतात. पोळा, गणेश विसर्जन, दिवाळीतलं लक्ष्मीपूजन हेही तसेच. जळगावात कार्तिकी एकादशीला रथोत्सव असतो, त्या रात्री शहर रस्त्यावर असतं. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा शहादा-नंदुरबारकडच्या गिऱ्हाइकांना ओढून नेते. लग्नसराईत पंचांग उघडून दाट तिथी बघा. एकाच दिवशी चार लग्नं असली की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

खिशाचंही कॅलेंडर असतं. नोकरदार गिऱ्हाइकासाठी महिन्याचे पहिले सात-आठ दिवस बरे, २० तारखेनंतरचे कमजोर. शेतकरी गिऱ्हाइकाच्या हातात पैसा साधारण दिवाळीनंतर कापूस विकला की येतो, आणि मे-जूनमध्ये तोच पैसा बियाणं-खतात जातो. सागवानी कपाट मृगाच्या तोंडावर लिलावात काढलं तर बोली कमी लागणार, हे उघड आहे.

तास आणि मिनिट

साधारण दिवसांत रात्री ८:४५ ते ९:४५ ही खिडकी धरा. आठच्या आधी लोक जेवणात किंवा रस्त्यात असतात, दहानंतर सकाळी लवकर उठणारे गळतात. या तासाभरात ९ आणि ९:३० हे ठोक आकडे टाळा. सगळे विक्रेते तेच धरतात, आणि एका गिऱ्हाइकाला एकाच मिनिटाला दोन लिलाव लढता येत नाहीत. ९:१२, ९:१७, ९:३८ असं काहीतरी ठेवा.

उन्हाळ्यात ही खिडकी पुढे सरकवा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दिवसभर कोंडलेली माणसं सूर्य मावळल्यावर बाहेर पडतात आणि जेवणं उशिरा होतात. तेव्हा स्थानिक ग्रुपसाठी ९:३० ते १०:१५ बरी. हिवाळ्यात उलट, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गावाकडे ८:३० ते ९ पुरे.

आयपीएलचा हंगाम असेल तर संध्याकाळचा सामना ७:३० ला सुरू होतो आणि अकराच्या पुढेमागे संपतो, म्हणजे आपली सगळी खिडकी त्यातच अडकते. दोन मार्ग आहेत. नाणेफेक सातला असते, त्याआधी ६:५० ला संपवा. किंवा त्या दिवसांत रविवारी सकाळी ११ ते १२ घ्या. दोन डावांमधल्या विश्रांतीचा नेम धरू नका, ती नेमकी कधी येईल सांगता येत नाही. भारताचा मोठा सामना असेल तर तो दिवसच सोडा.

आता वीज. मेअखेर ते जूनमध्ये रावेर-यावल पट्ट्यात दुपारनंतर वादळ उठतं, केळी आडवी होतात आणि तारा तुटतात. टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते. त्या दिवसांत संध्याकाळी ४ ते ७ मध्ये काहीच संपवू नका. गावात दुरुस्तीसाठी ठरावीक वारी वीज बंद असते, तो वार विचारून घ्या. ग्रुपवर लिलाव घेणाऱ्याने दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि पूर्ण भरलेली पॉवर बँक जवळ ठेवावी. विक्रेताच ऑफलाइन गेला तर ग्रुपचा लिलाव तिथेच मोडतो.

उलटं मोजा: संपण्याच्या वेळेवरून सुरुवात काढा

ईबेसारख्या साइटवर लिलाव ज्या क्षणी सुरू केला त्याच क्षणी, निवडलेल्या दिवसांनंतर तो संपतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत १:४० ला लिस्टिंग टाकलं की सात दिवसांनी ते दुपारी १:४० लाच संपणार. नव्या विक्रेत्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते.

कालावधी १, ३, ५, ७ किंवा १० दिवसांचा मिळतो. रविवारी रात्री ९:१७ ला संपवायचं असेल तर १० दिवसांचा लिलाव गुरुवारी रात्री ९:१७ ला, ७ दिवसांचा आदल्या रविवारी, ५ दिवसांचा मंगळवारी, ३ दिवसांचा गुरुवारी आणि १ दिवसाचा शनिवारी त्याच वेळी सुरू करा. गुरुवारी सुरू केलेल्या १० दिवसांच्या लिलावात दोन शनिवार-रविवार येतात. दुर्मीळ वस्तूला हा कालावधी चांगला, कारण तिचा गिऱ्हाईक रोज शोधत नसतो. रोजच्या वस्तूला ७ दिवस पुरे. ३ दिवसांचा लिलाव सणापूर्वी घाई असलेल्या वस्तूलाच द्या. आकाशकंदील, दिवाळीच्या जुन्या शुभेच्छापत्रांचा गठ्ठा, अशी वस्तू सणाच्या किमान आठ दिवस आधी संपली पाहिजे, नाहीतर कुरिअर वेळेत पोहोचत नाही.

लिस्टिंग आधी ड्राफ्टमध्ये पूर्ण तयार ठेवा: फोटो, वजन, माप, दोष, पाठवणीचा खर्च. मग ठरल्या मिनिटाला फक्त प्रकाशित करा, किंवा साइटवर शेड्यूलची सोय असेल तर ती वापरा. शेड्यूल करताना साइट कोणत्या देशाचं घड्याळ दाखवते आहे ते बघा. प्रकाशित झाल्यावर लिस्टिंग उघडून संपण्याचा दिवस आणि वेळ डोळ्यांनी वाचा. चूक असेल तर पहिली बोली यायच्या आत दुरुस्त करा. बोली लागल्यावर वेळेला हात लावणं गिऱ्हाइकाचा विश्वास घालवतं, आणि बऱ्याच साइटवर ते करताही येत नाही.

अनेक लॉट असतील तर

एकाच रात्री वीस लॉट संपवायचे असतील तर दोन लॉटमध्ये ३ मिनिटांचं अंतर ठेवा. पहिला ८:४६ ला संपला तर विसावा ९:४३ ला संपतो, म्हणजे सगळा माल खिडकीत बसतो. एका मिनिटाच्या अंतराने गिऱ्हाइकाला हरल्याचं कळून पुढच्या लॉटवर जायला वेळ उरत नाही. पाच मिनिटांनी रात्र लांबते.

क्रमही विचार करून लावा. सुरुवातीला स्वस्त आणि खात्रीने विकले जाणारे लॉट, म्हणजे लोक जमतात. सगळ्यात भारी लॉट बाराव्या-चौदाव्या क्रमांकावर. अगदी शेवटी ठेवला तर काही जण थकून गेलेले असतात, अगदी आधी ठेवला तर पैसे तिथेच संपतात. सारख्या दोन वस्तू, समजा एकाच वर्षाची दोन नाणी, लागोपाठ ठेवा आणि चांगल्या अवस्थेतलं नाणं आधी संपवा. पहिल्यात हरलेला गिऱ्हाईक तापलेला असतो, तो दुसऱ्यावर खरा आकडा टाकतो. दोन्ही एकाच मिनिटाला संपवली तर बोली लावणारे दोन्हीकडे विभागतात.

परदेशी गिऱ्हाइकासाठी

ईबेची भारतातली साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. भारतातले विक्रेते आता परदेशी साइटवर विकतात, म्हणून वेळ तिकडची धरावी लागते. ब्रिटनमध्ये रविवारी रात्री आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे १:३०, उन्हाळी घड्याळात १२:३०. अमेरिकेसाठी पूर्व किनाऱ्यावरचे रविवार रात्रीचे नऊ धरा. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, म्हणजे दोन्ही टोकं जागी. ती वेळ आपल्याकडे सोमवारी सकाळी ७:३०, आणि तिकडच्या उन्हाळ्यात ६:३०.

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आपलं घड्याळ वर्षभर एकच राहतं, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक आठवडा हिशेब हमखास चुकतो. त्या दिवसांत संपणाऱ्या प्रत्येक लिस्टिंगची वेळ पुन्हा तपासा. त्यांच्या सुट्ट्याही बघा: अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो, तो आठवडा प्रवासात जातो.

शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, ताम्रपट, भांडी परदेशी गिऱ्हाइकासाठी लावूच नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शिवराई त्यात आलीच. शेत नांगरताना सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. ती आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची असतात, लिलावात काढायची नसतात.

ग्रुपवरच्या लिलावाचे नियम

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजची वेळ फक्त मिनिटापर्यंत दिसते. ‘९:३० ला बंद’ असं लिहिलं की ९:३० दिसणारी बोली धरायची की नाही, यावर वाद ठरलेला. म्हणून मिनिट स्पष्ट लिहा. रेंज नसलेल्या फोनवरून पाठवलेला मेसेज उशिरा पोहोचतो आणि प्रत्येकाच्या फोनवर क्रम थोडा वेगळा दिसू शकतो. तेव्हा कोणाचा फोन प्रमाण, हेही आधीच सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, त्यासाठीही नियम हवा. लिलावाच्या सुरुवातीला असा मजकूर टाका (बेस म्हणजे बोलीची सुरुवातीची किंमत):

‘लॉट ७. बेस ५००, वाढ किमान ५०. सुरू: गुरुवार रात्री ९. बंद: रविवार रात्री ९:१७. ज्या बोलीवर ९:१६ किंवा आधीची वेळ दिसेल ती धरली जाईल, ९:१७ दिसणारी नाही. ९:१२ ते ९:१६ मध्ये बोली आली तर त्या बोलीपासून ५ मिनिटं वाढ, असं बोली थांबेपर्यंत. लिलाव ९:५० ला कोणत्याही परिस्थितीत बंद. एडिट किंवा डिलीट केलेली बोली बाद. अ‍ॅडमिनच्या फोनवरचा क्रम अंतिम. पेमेंट २४ तासांत. पाठवणी खर्च वेगळा, स्पीड पोस्टने.’

‘कोणत्याही परिस्थितीत बंद’ ही ओळ विसरू नका, तिच्याशिवाय दोन हट्टी गिऱ्हाईक मध्यरात्रीपर्यंत पाच-पाच मिनिटं खेचत बसतात. ज्या ग्रुपमध्ये स्वतःचे नियम आहेत तिथे त्या ग्रुपचेच पाळा आणि अ‍ॅडमिनला विचारून वेळ घ्या. दुसऱ्याचा लिलाव चालू असताना मध्येच आपला टाकला तर दोन्ही बिघडतात.

शेवटचा तास

आदल्या रात्री आणि बंद व्हायच्या दोन तास आधी एकदा आठवण द्या. त्याहून जास्त नको. शेवटच्या तासात प्रश्न येतात: डायलवर ओरखडा आहे का, मागचं झाकण उघडून फोटो मिळेल का. वस्तू समोर, उजेड तयार आणि फोन हातात ठेवा. पाच मिनिटांत उत्तर मिळालं तर तो गिऱ्हाईक टिकतो. म्हणून तुम्ही स्वतः रिकामे नसाल अशी वेळ कितीही चांगली असली तरी घेऊ नका.

ओळखीच्या माणसाकडून किंवा दुसऱ्या नंबरवरून आपल्याच वस्तूवर बोली लावून भाव चढवणं हे फसवणुकीत मोडतं. साइट खातं बंद करते, ग्रुप काढून टाकतो, आणि नाणी-तिकिटांचं जग इतकं लहान आहे की नाव परत मिळत नाही. कमी भावात जायची भीती असेल तर बेस वाढवा किंवा रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली वस्तू विकायची नाही असा आकडा, ठेवा.

बंद झाल्यानंतर

एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे रविवारी रात्रीही पेमेंटची अडचण नाही. दहा मिनिटांच्या आत विजेत्याला एकूण रक्कम, पाठवणी खर्चासह, कळवा. रात्र उलटली की उत्साह उतरतो आणि ‘उद्या बघतो’ सुरू होतं. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट धरू नका, आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच पॅकिंग करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

लागून तीन सुट्ट्या येत असतील तर त्यांच्या आदल्या रात्री लिलाव संपवू नका. गिऱ्हाईक पैसे देऊन चार दिवस ट्रॅकिंग नंबरची वाट बघत बसतो. सुट्ट्यांच्या शेवटच्या रात्री संपवा.

भाव पडला तर वेळेचा दोष होता का, हे कसं ओळखायचं?

लिस्टिंग कमी लोकांनी पाहिलं असेल तर शीर्षक किंवा पहिला फोटो चुकला आहे. वेळ बदलून फरक पडणार नाही. पुष्कळांनी पाहिलं पण वॉचलिस्टमध्ये कोणी टाकलं नाही, तर बेस जास्त आहे किंवा वस्तूची अवस्था नीट दाखवलेली नाही. आठ-दहा जणांनी वॉचलिस्टमध्ये टाकलं आणि तरी एकच बोली लागली, तर संशय वेळेवर घ्या. ती माणसं शेवटी येणार होती, येऊ शकली नाहीत. विकली न गेलेली वस्तू लगेच पुढच्या आठवड्यात त्याच वेळी टाकू नका. दोन-तीन आठवडे थांबा आणि वार बदला, तास तोच ठेवा. दोन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

वहीत किंवा मोबाइलमधल्या शीटमध्ये प्रत्येक लिलावाचे सहा रकाने भरत जा: वस्तू, संपण्याचा वार, वेळ, किती वेगळ्या माणसांनी बोली लावली, त्यातल्या शेवटच्या दहा मिनिटांत किती आले, आणि अंतिम किंमत. पाचवा रकाना सगळ्यात आधी वाचा. तिथे सलग शून्य किंवा एक दिसत असेल, तर पुढचा लिलाव दुसऱ्या वारी लावा.